पडद्यामागचा दुभाष्या

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी सायंकाळी आमच्या पुतणीने माडीवरून हाक मारली, "काका, लवकर वर या! पडदा काळा झाला!" कन्या आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. सोमवारी सकाळी अकरापर्यंत चौदा नकाशे महाविद्यालयात सादर करावयाचे होते आणि ते सारे त्याच संगणकात होते. वर जाऊन पाहतो तो पेटीतला पंखा फिरतो आहे, दिवा जळतो आहे, पडद्यावर मात्र काही नाही. चौकशी करता कळले की, "आपले सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत, येथे दाबा," अशी जाहिरात झळकली आणि लेकीने दाबले. ओळखीच्या एका दुकानदाराने दूरध्वनीवरच निदान करून टाकले, "कार्ड जळाले. नवे घ्यावे लागेल."

कार्ड जळाले नव्हते. मग झाले होते काय, हे समजावयाचे तर ड्रायव्हर म्हणजे कोण, ते आधी पाहिले पाहिजे. आम्हां इंदूरकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. घरात मराठी आणि बाजारात हिंदी असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. नव्याने आलेल्या सासुरवाशिणीला भाजीवाल्याशी बोलताना पहिले चार महिने कोणी दुभाष्या लागतोच. संगणकातही तसेच आहे. विंडोजची भाषा एक, चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची दुसरी. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या चुकला की दोन्ही धडधाकट माणसे मुकी वाटू लागतात. आमच्याकडे नेमके हेच घडले होते.

हा दुभाष्या संगणकाच्या अगदी माजघरात वावरतो. म्हणूनच त्याच्यात राहिलेली फट चोराच्या उपयोगी पडते आणि कंपन्या ती बुजविण्यासाठी वेळोवेळी नवा ड्रायव्हर काढतात. तो बसविणे हिताचेच. नवा कार्यक्रम वा खेळ त्याची मागणी करीत असेल, किंवा पडदा लुकलुकत असेल, तरीही बसवावा. मात्र 'नवे ते सोने' असे मानून पहिल्याच दिवशी धावू नये. २०१० च्या मार्च महिन्यात एनव्हिडियाने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला. त्यातील दोषामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरेनात, कार्डे तापू लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. सुरक्षिततेची तातडी नसेल तर आठपंधरा दिवस थांबणाऱ्याचे काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम आपले कार्ड कोणते ते पाहावे. स्टार्टच्या खुणेवर उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. त्यात 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स'खाली कार्डाचे नाव असते. लॅपटॉपमध्ये पुष्कळदा दोन नावे दिसतात. एक प्रोसेसरबरोबर आलेले, दुसरे स्वतंत्र. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नावावर दोनदा टिचकी मारून 'ड्रायव्हर' या पानावरील तारीख व क्रमांक वहीत टिपून ठेवावा.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असे टंकून आजच्या स्थितीची खूण करून ठेवावी. अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते, ती आधी चालू करावी लागते. मात्र ही खूण म्हणजे छायाचित्रांची वा कागदपत्रांची प्रत नव्हे. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. शिवाय संगणकाची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. दुरुस्तीच्या वेळी संगणक नेमकी तीच मागतो.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर कोठून घ्यावा ही. विंडोज अपडेटमधून आलेला घ्यावा, नाहीतर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांपैकी ज्यांचे कार्ड असेल त्यांच्याच संकेतस्थळावरचा. लॅपटॉप असेल तर तो बनविणाऱ्या कंपनीचा आधी पाहावा, कारण ती आपल्या यंत्राला जुळेल असा ड्रायव्हर देते. जाहिरातीतून आलेल्या 'सारे ड्रायव्हर एका टिचकीत' छापाच्या पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. नुसत्या सहीशिक्क्यावरही विसंबू नये. २०२२ साली एनव्हिडियाच्या सहीची प्रमाणपत्रेच चोरीस गेली आणि त्यांच्या साहाय्याने घातक आज्ञावलींवर सह्या केल्या गेल्या.

बसविताना इतर कार्यक्रम बंद करावेत. लॅपटॉपला वीज जोडलेली असावी. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असेल तर उत्तम, नसेल तर वीज जाण्याच्या वेळी हे काम काढू नये. मध्येच पडदा काही क्षण काळा होतो, लुकलुकतो. ते अपेक्षितच असते. अशा वेळी धीर सोडून बटन दाबणे हीच खरी चूक. काम संपल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

आणि एवढे करूनही पडदा काळाच राहिला तर? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात, त्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोज सुरू होत असतानाच दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचे पान आपोआप येते. तेथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन 'सेफ मोड' निवडावा. या अवस्थेत विंडोज आपला साधा, ओबडधोबड दुभाष्या वापरते. अक्षरे मोठी दिसतात, पण दिसतात. मग डिव्हाइस मॅनेजरमधील त्याच पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावे. ते बटन फिकट असेल तर आधी केलेल्या खुणेकडे परतावे.

आमच्या घरी त्या रात्री हेच केले. खूण कोणी केलेली नव्हती, पण जुना ड्रायव्हर सुदैवाने शिल्लक होता. साडेदहाच्या सुमारास पडदा उजळला आणि चौदाही नकाशे जागच्या जागी सापडले. तो पाहुणा आधी हाकलला, मग साऱ्या संगणकाची विषाणू-तपासणी केली. लेक जेवावयास बसली तेव्हा डोळे पुसत होती. तिची आजी म्हणाली, "अगं, परका माणूस दारात येऊन तुझं घर जुनं झालंय म्हणाला, तर आपण त्याच्या हाती किल्ल्या देतो का?"

साऱ्या विवेचनाचे सार त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. आमच्या वहीत मात्र आता एक पान वाढले आहे. त्यावर कार्डाचे नाव, ड्रायव्हरचा क्रमांक व तारीख आहे. आपणही आजच असे पान घालावे, ही विनंती.