भित्तिपत्रक कुणासाठी?

आमच्या पिंपरीतल्या काही कॉलेजकुमारांनी यंदा अभ्यासाचा भाग म्हणून वस्तीतल्या कलाकेंद्राची भित्तिपत्रके रंगवली. मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच! पण मी विचारतो, कलेच्या घराला जाहिरात का लागावी?

१९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. शहरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलनही थाटात झाले. मंडप उठला, आणि पहिली पाळी उरकून आलेला माझा शेजारी तालीम मात्र अजून गच्चीवरच करतो!

मुलांनो, पुढचे भित्तिपत्रक प्रेक्षकांसाठी नको, कारभाऱ्यांसाठी रंगवा : कार्यक्रम नसेल त्या संध्याकाळी कलाकेंद्राचे दार कामगारांच्या तालमींना उघडा, तेही विनामूल्य! ज्या घरातला माणूस रंगमंचावर उभा राहतो, ते घर बोलावल्यावाचून नाटकाला येते.