बालहृदयाचा मंद ठोका आणि सरकारचे कर्तव्य

निरोगी अर्भकाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर असताना, वरच्या कप्प्यांतील विद्युत्-संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचल्यामुळे ज्याचे ठोके ५० च्या आसपास रेंगाळतात, अशा बालकाला कायमस्वरूपी पेसमेकर बसवणे हा उपचाराचा केवळ प्रारंभ होय. तान्ह्या मुलांत तारा बहुधा हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर जोडून यंत्र पोटाच्या भिंतीत ठेवतात. पुढे मूल वाढते, तारा ताणल्या जातात, बॅटरी संपते. १९५८ साली स्वीडनमध्ये ज्यांच्या शरीरात हे यंत्र प्रथम बसवले गेले, त्या आर्ने लार्सन यांना आयुष्यभरात वीसहून अधिक यंत्रे लागली, हे येथे ध्यानी घ्यावे. शस्त्रक्रियेचा भार महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उचलावा हे स्तुत्यच; परंतु गणपतीपुळ्याच्या एखाद्या खलाशाने नियतकालिक तपासणीसाठी मूल घेऊन मुंबईपर्यंत ३०० किलोमीटरांहून अधिक जावे, आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीची कोणत्याही दफ्तरात नोंद असू नये, हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात पेसमेकर तपासणारे उपकरण व प्रशिक्षित तंत्रज्ञ ठराविक दिवशी उपलब्ध असलेच पाहिजेत; आणि अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाने प्रत्येक मुलाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, असा सक्त हुकूम सरकारने काढावा.