घर-अंगण : मातीचा सामू घरीच तपासा

लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मोगरा आणि गुलाबाचीही हीच तक्रार. अशा वेळी बहुतेक घरांत आणखी शेणखत, आणखी पाणी किंवा चुलीतली राख घातली जाते. दोष मातीच्या सामूत (पीएच) असेल, तर राखेने तो वाढतोच, कारण राख विम्लधर्मी असते. म्हणून काहीही घालण्याआधी माती तपासून घेऊ या.

सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. बहुतेक फुलझाडांना व भाज्यांना ६ ते ७.५ मानवतो. मराठवाडा-विदर्भातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो ८ च्या पुढेही जातो. तिथे लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. कोकणची जांभी माती बहुधा आम्ल असते.

तपासणीसाठी अंगणातल्या चार-पाच ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. ती एकत्र करून सावलीत वाळवा आणि चाळा. दोन चमचे मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली, तर चुनखडी आहे, म्हणजे माती विम्ल. दुसऱ्या दोन चमचे मातीचा पाण्यात चिखल करून त्यावर खाण्याचा सोडा टाका. बुडबुडे आले, तर माती बरीच आम्ल. दोन्ही वेळा काहीच झाले नाही, तरी सामू ठीकच आहे असे समजू नका. सौम्य दोष या परीक्षेत दिसत नाही.

नेमका अंदाज हवा असेल तर सामूच्या कागदी पट्ट्या आणा. एक भाग मातीत अडीच भाग डिस्टिल्ड पाणी घालून ढवळा, अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवा. बोअरचे पाणी वापरू नका. त्याचाच सामू पट्टीवर उतरतो.

वुजूचे पाणी झाडांना देणे ही चांगली सवय आहे, त्यात साबण नसतो. पण बोअर क्षारयुक्त असेल, तर कुंडीतल्या लिंबाला अधूनमधून साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. माती विम्ल असल्यास कंपोस्ट व पालापाचोळ्याचे खत वाढवा, राख आणि चुना बंद करा. पिवळ्या पानांवर चिलेटेड लोह पाकिटावरील प्रमाणात फवारा. गंधकाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि चुनखडी फार असेल तर तो कमीच. व्हिनेगर मुळांशी ओतू नका. त्याचा परिणाम टिकत नाही. आम्ल मातीत चुना घालता येतो, पण थोडा-थोडा आणि पुन्हा तपासून.

माती बदलणे जमत नसेल, तर झाड बदलावे. कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे ते डाळिंब, अंजीर आणि खजूर चुनखडीतही निभावून नेतात. शेत किंवा मोठी बाग असेल, तर कृषी विज्ञान केंद्रात माती द्या.

झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर लावणाऱ्यासाठी तो सदका ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ते झाड जगावे म्हणून दोन चमचे माती तपासणे आपल्या हातात आहे.