पाटाचे नाव

उर्दूत अरबी समुद्राला आपण ‘बुहैरा-ए-अरब’ म्हणतो. हाच बुहैरा स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात ‘आल्बुफेरा’ झाला आहे. वर्गात युरोपचा नकाशा उघडला की आम्ही हे सांगतोच. भूमध्य समुद्राला लागून वाळूची पट्टी, तिच्याआड हे उथळ सरोवर, भोवती भातखाचरे. तांदळाला तिथे ‘आरोस’ म्हणतात, तो अरबी ‘रुज’. पाट म्हणजे ‘आसेकिया’, आपल्या ‘साकी’चा सख्खा भाऊ! पाटाच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी शेतकरीच तोंडी मिटवतात. त्या जागी पूर्वी मशीद होती.

१६०९ मध्ये याच प्रांतातून मोरिस्कोंची, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांची, हकालपट्टी सुरू झाली. कुटुंबेच्या कुटुंबे जहाजांतून उत्तर आफ्रिकेला धाडली. ओस गावांत दुसरे शेतकरी आणून वसवावे लागले. पाटाला तेही ‘आसेकिया’च म्हणत.