विषाणूच्या नावाआधी श्वास मोजा



बाळाला सर्दी-खोकला झाला की आईवडील हल्ली ‘तो नवीन व्हायरस तर नाही ना, टेस्ट करू या का?’ असे आधी विचारतात. बाळ अंगावर पिते का, रात्री झोपले का, हे नंतर निघते. ही भीती वर्तमानपत्रांनी वाढवली, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूत दोन तान्ह्या बाळांत एचएमपीव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सापडला आणि सगळीकडे मथळे झळकले. हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समधील संशोधकांनी ओळखला होता आणि त्याआधी कित्येक दशके तो माणसांत वावरत होता.

लक्षणांवरून विषाणूचा थोडा अंदाज येतो, हे खरे. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्याच विषाणूत दोन-तीन दिवस नुसते नाक वाहते, मग छातीत घरघर सुरू होते. वर्षाच्या आतल्या बाळांना तो जास्त छळतो. फ्लूचा ताप एकदम चढतो. पॅराइन्फ्लुएंझाने आवाज बसतो आणि रात्री कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला येतो. अॅडेनोव्हायरसमध्ये ताप रेंगाळतो, डोळेही लाल होतात. पण एचएमपीव्ही आणि आरएसव्ही नुसते पाहून वेगळे सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही जमत नाही. कधी दोन विषाणू एकाच बाळात असतात.

मग एकदम अनेक विषाणू शोधणाऱ्या, हजारो रुपयांच्या पॅनेल टेस्टने काय साधते? फ्लू असेल तर औषध लवकर सुरू करता येते. वॉर्डात इतर बाळांपासून वेगळे ठेवायलाही निदान उपयोगी पडते. बाकी बहुतेक विषाणूंत उपचार तोच : नाक मोकळे ठेवणे, थोडे थोडे पाजणे, गरज पडली तर ऑक्सिजन. अँटिबायोटिक यातल्या एकाही विषाणूला मारत नाही.

बाळाला धोका आहे का, हे श्वास सांगतो. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळाने पिणेच सोडले असेल, तर थेट रुग्णालयात न्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी घरी थांबू नये.

श्वास मोजणे सामान्य माणसाला जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अल्पशिक्षित गावकऱ्यांना आणि सुईणींना श्वासावरून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. श्वास मोजायला मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन तयार केले. तिथले बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. शहरातल्या शिकलेल्या आईबापांच्या हातात तर सेकंद मोजणारा मोबाइल आहे.

यापुढे वर्तमानपत्रांनी विषाणूची बातमी छापताना ६०, ५० आणि ४० हे तीन आकडे तिच्याशेजारी चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली