मालाडचा चिराग हैदराबादला का गेला?

जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला महाराष्ट्र सरकारने ११ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हा बॅडमिंटनपटू चिराग शेट्टीने उघड नाराजी व्यक्त केली. त्याचं म्हणणं साधं होतं. थॉमस कप हा बॅडमिंटनचा विश्वचषकच. २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० हरवून भारताने तो पहिल्यांदाच जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचा तो एकटाच, तरी राज्याने दखल घेतली नाही. क्रिकेटशी त्याचं भांडण नव्हतं.

तक्रार रास्त होती. पण आम्हा मीरा-भाईंदरकरांना त्याच्या कारकिर्दीत बक्षिसापेक्षा मोठा प्रश्न दिसतो.

चिराग मालाडचा. मालाडहून उत्तरेला चौथं स्टेशन म्हणजे मीरा रोड. उदय पवार यांच्या हाताखाली तो गोरेगाव स्पोर्ट्स क्लबमध्ये घडला, पण पुढच्या तयारीसाठी त्याने हैदराबाद गाठलं. तिथे पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी त्याची जोडी जमली. या जोडीने २०२२ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये हांगझोउला आशियाई स्पर्धेतलं भारतीय बॅडमिंटनचं पहिलं सुवर्ण मिळवलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान पटकावलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीत हरले; २०२५ मध्ये त्याच शहरात जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन परतले.

मग हैदराबादच का? कारण तिथे खेळाडूंच्या आधी प्रशिक्षक उभे राहिले. सय्यद मोहम्मद आरिफ, सगळ्यांचे 'आरिफ सर', यांनी वर्षानुवर्षं मुलं घडवली. २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकणारे गोपीचंद त्यांचेच शिष्य, सायना नेहवालही त्यांच्याकडे शिकली. सायनाची सुरुवात लाल बहादूर स्टेडियमच्या सरकारी कोर्टवर झाली. पुढे गोपीचंद यांना अकादमीसाठी तिथल्या सरकारने जमीन दिली. उस्ताद, कोर्ट आणि सरकारची साथ, असं सगळं एका शहरात जुळून आलं.

आता आपल्याकडे बघू. २०११ च्या जनगणनेतच आपल्या शहराची लोकसंख्या ८ लाखांवर होती. पावसाळा संपला की नया नगरपासून भाईंदरपर्यंत सोसायट्यांच्या आवारात प्लास्टिकची शटल उडू लागतात. म्हणजे आवड आहे. पण खरा बॅडमिंटन आवारात होत नाही. वाऱ्याने शटल भरकटते, म्हणून बंद आणि उंच छताचा हॉल लागतो. पिसांची शटल एका सामन्यातही टिकत नाही. वर कोर्टाचं भाडं, रॅकेट, शूज, कोचची फी. रिक्षा चालवणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या बापाला हा खर्च महिनोन्‌महिने झेपेल का? मुलीचा प्रश्न आणखी अवघड: हॉल लांब असेल आणि वेळ रात्रीची असेल, तर घरचेच नको म्हणतात.

म्हणून महापालिकेकडे आमची मागणी सत्काराची नाही. पालिकेच्या हॉलमध्ये शाळकरी मुलांसाठी रोज संध्याकाळी दोन तास राखीव ठेवा, फी परवडेल अशी ठेवा, पगारी प्रशिक्षक नेमा आणि मुलींसाठी सोयीची वेळ द्या. आपणही मोहल्ल्यात, शाळेच्या पालकसभेत हा विषय काढला पाहिजे. आपण मागितलंच नाही, तर बजेटमध्ये येणार कुठून?

चिरागला निदान घराजवळ पहिला क्लब मिळाला. चार स्टेशनं पुढच्या मुलांना तेवढं तरी मिळायलाच हवं.