फोन त्यांच्याच हातात राहू द्या

टपाल खात्यातली माझी उमेदीची वर्षे कल्याण परिसरातल्या कचेऱ्यांमध्ये, काउंटरच्या जाळीमागे गेली. पगाराचे दिवस आले की मनिऑर्डरची रांग पार दाराबाहेर जाई. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनचे, मोहन्याच्या एनआरसीचे कामगार त्या रांगेत असत. कुणाचे घर रत्नागिरीकडे, कुणाचे साताऱ्याकडे, तर कुणाचे थेट उत्तर प्रदेशात. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे आणि त्यावर घरच्यांसाठी चार ओळी लिहिण्यापुरती जागा. ‘साहेब, तेवढं लिहून द्या ना,’ असे म्हणत एखादा फॉर्म पुढे सरकवी आणि मी लिहून देई. ‘पैसे पाठवले आहेत. आईचे डोळे दाखवून घ्यावेत. आमची काळजी नसावी.’ तो माणूस हात जोडून निघून जाई आणि मला दिवसभर पुण्य केल्यासारखे वाटे.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट बोचते. त्यातल्या कित्येकांचा मजकूर मी वर्षानुवर्षे दर महिन्याला लिहिला. पण त्यांच्यातल्या एकालाही ‘बसा, तुम्हाला शिकवतो’ असे मी कधी म्हटले नाही. रांग मोठी होती हे खरे. लिहून देण्यात एक छोटासा मोठेपणा होता, हेही तितकेच खरे.

२०१५ साली ती जुन्या पद्धतीची मनिऑर्डर बंद झाली. एनआरसीला तर त्याआधीच, २००९ साली टाळे लागले होते. पण ती रांग काही संपली नाही. ती आता आपापल्या घरांत लागते. मुलाच्या किंवा सुनेच्या खोलीच्या दाराशी आई हातात मोबाईल घेऊन उभी असते. ‘जरा हे बघतोस का रे?’ मुलगा मान वर न करता हात पुढे करतो, फोन घेतो, त्याची बोटे सरसर फिरतात आणि अर्ध्या मिनिटात फोन परत येतो. ‘झालं.’ काय झाले, कसे झाले, हे आईला कळलेले नसते. पुढच्या महिन्यात ती पुन्हा त्याच दाराशी येते.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षे मी स्वतः या मुलासारखाच वागत होतो. आमच्या घरात फोन माझ्या हातात होता आणि प्रश्न बायकोच्या. एके दिवशी ती म्हणाली, ‘तुम्ही फोन करून देता; पण शिकवत नाही. जन्मभर तेच केलंत.’ छत्तीस वर्षांच्या संसारात इतके खरे वाक्य तिने क्वचितच ऐकवले असेल. त्या वाक्यातून आमचा रविवारचा वर्ग निघाला.

वर्ग कसला, सोसायटीच्या कार्यालयातल्या आठ-दहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कसाऱ्याकडे जाणारी गाडी धडधडत गेली की बोलणे क्षणभर थांबवायचे आणि मग पुढे चालू. साठी ओलांडलेल्या गृहिणी, कारखान्यातून निवृत्त झालेले दोन गृहस्थ, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी आणि शेवटच्या खुर्चीत आमची सौभाग्यवती. अडले की ती मला विचारत नाही, शेजारणीला विचारते! वर्गाचा नियम एकच : फोन शिकणाऱ्याच्या हातातून सुटता कामा नये. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून बसायचे आणि तोंडाने सांगायचे. करून पाहा, हे किती अवघड आहे ते! बोटे शिवशिवतात.

पहिल्याच महिन्यात माझा एक समज मोडला. मला वाटले होते, लोक बटणे शिकायला येतील. गाडीचे वेळापत्रक, गॅसचा नंबर, पैसे पाठवणे. ते शिकायचे होतेच. पण खरी अडचण दुसरीच निघाली. यांच्या फोनवरून दिवसाला वीस-वीस संदेश जात होते आणि त्यात स्वतःचे असे एक वाक्य नव्हते. सूर्योदयाची चित्रे, सुविचार, कुठून तरी आलेले ‘नक्की वाचा’. ज्या बाईला भाजीवाल्याशी दहा मिनिटे रंगून बोलता येते, तिचे कुटुंबाच्या ग्रुपवर अस्तित्व म्हणजे एक गुलाबाचे फूल. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘चुकलं तर? सगळे हसतील.’

हे भय समजून घेतले पाहिजे. आपल्या मराठी लिहिण्याची कळपाटीवरची रीत हाताच्या सवयीच्या नेमकी उलट आहे. हाताने ‘कि’ लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो आणि मग ‘क’. फोनवर देवनागरी अक्षरे दाबताना आधी ‘क’, मागून वेलांटी. ‘सूर्य’ लिहिताना हाताने रफार सर्वांत शेवटी, डोक्यावर द्यायचा. फोनवर मात्र आधी ‘र’, मग पायमोडीची खूण, मग ‘य’. म्हणजे यंत्र उच्चाराच्या क्रमाने चालते, हात चित्राच्या क्रमाने. साठ वर्षे हाताला लागलेले वळण बदलायचे तर चार आठवडे लागणारच. हे एकदा समजावून सांगितले तेव्हा एक आजी मोकळेपणाने हसल्या. ‘म्हणजे मी वेडी नाही तर!’ इतके दिवस दोष आपल्या बुद्धीचा आहे, असे त्या धरून चालल्या होत्या.

बोलून लिहिण्याची सोय आहे की, असे कुणी म्हणेल. आहे. २०१७ पासून गूगलवर मराठीतही बोललेले शब्द टंकलिखित होऊन येतात आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना तो मोठाच आधार आहे. पण यंत्राने काय ऐकले ते वाचून पाहावे लागते, चुकले असेल तर दुरुस्त करावे लागते. कुठे थांबायचे, काय गाळायचे, हे तर यंत्र सांगतच नाही. लिहिणे म्हणजे अक्षरे उमटवणे नव्हे. मला नेमके काय म्हणायचे आहे, हे आधी स्वतःला विचारणे, ते खरे लिहिणे.

आता आमच्या वर्गातल्या एका काकांची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र सांगत नाही. कारखान्यात तीस वर्षे यंत्रावर काढलेला माणूस. एके संध्याकाळी त्यांना संदेश आला की, मागच्या महिन्याचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. काकांनी फोन केला. पलीकडच्याने गोड बोलून त्यांच्याकडून काय काय करून घेतले आणि खात्यातले बेचाळीस हजार रुपये गेले. काकांनी आठ दिवस घरात कुणाला सांगितले नाही. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर जितकी लवकर नोंदवावी तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. काकांचे ते आठ दिवस नुसत्या शरमेत गेले.

अखेर मुलाला कळले. मुलगा भला आहे. तो ओरडला नाही. त्याने लगेच तक्रार लिहिली. त्या तक्रारीचे पहिले वाक्य होते : ‘माझ्या वडिलांना मोबाईलमधले काही समजत नाही.’ काका वर्गात आले ते हे वाक्य घेऊन. म्हणाले, ‘पैशांचं दुःख आहेच. पण माझ्या नावानं जगात एकच कागद आहे आणि त्यावर मी मूर्ख आहे असं लिहिलंय.’

त्या रविवारी आम्ही दुसरे काही शिकवले नाही. तो फसवा संदेश सगळ्यांनी मिळून वाचला, शाळेत धडा वाचावा तसा. हे कोणी लिहिले आहे? नाव आहे का? ग्राहक क्रमांक दिला आहे का? रक्कम किती, कोणत्या महिन्याची, तारीख कोणती? काहीच नव्हते. होता फक्त एक साधा दहा आकडी मोबाईल क्रमांक आणि ‘ताबडतोब’. आमच्या मावशी म्हणाल्या, ‘मी रेशनकार्डाचा अर्ज केला तर माझ्याकडून बारा कागद मागितले. हा तर एकही कागद न दाखवता घाबरवतोय.’ मला त्या क्षणी वाटले, आमच्या वर्गाचे सार या बाईने सांगितले. ज्याने स्वतः एकदा नीट अर्ज लिहिला आहे, त्याला खोटा अर्ज ओळखता येतो. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, व्हिडिओवरून अटक असला प्रकार कायद्यात नाही, हे पाठ करून घ्यावेच. पण ठकांच्या युक्त्या दर महिन्याला बदलतात. पाठ केलेले मागे पडते. ‘हे कोण, कशाच्या आधारावर आणि मला का लिहितो आहे?’ हा प्रश्न मात्र जुना होत नाही.

हा विचार काही आमचा शोध नव्हे. १८५५ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. प्रौढ माणूस दिवसभर राबून अक्षर शिकायला बसतो तो केवळ हौसेने नव्हे. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवण्याची किंमत त्याने मोजलेली असते. आजचा ‘मी सहमत आहे’ हा चौकोन न वाचता दाबणे म्हणजे अंगठाच की, फक्त शाई नाही एवढेच.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? आमच्या शहाडच्या पुलावरून जो रस्ता मुरबाडकडे जातो, त्याच तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. छायाचित्रांत गुलाबी रंग दिसतो; मला त्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते. त्या आज्यांना कुणी वाचून दाखवायला कमी नव्हते. त्यांना स्वतः वाचायचे होते, स्वतःची सही स्वतः करायची होती.

सरकारनेही काही केले नाही असे नाही. २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोठी योजना आली, वीस तासांचे प्रशिक्षण होते. पण ती खेड्यांसाठी होती आणि वयोमर्यादा चौदा ते साठ. शहाडसारख्या ठिकाणच्या पासष्ट वर्षांच्या गृहिणीला तिच्यात जागा नव्हती. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील सर्वांचा विचार आहे, अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरताही आहे आणि त्याचा सारा भार स्वयंसेवकांवर आहे. म्हणजे फिरून तुमच्या-आमच्यावरच. कुणाला ओझे वाटेल, मला ती संधी वाटते. या शिक्षणाला इमारत लागत नाही. लागते ती शेजारी बसण्याची तयारी.

म्हणून आज रविवारच्या सकाळी ही पुरवणी वाचणाऱ्या लेकी-सुनांना, मुलांना आणि नातवंडांना एक विनंती आहे. आज दुपारी आई किंवा आजोबा फोन घेऊन आले, तर तो हातात घेऊ नका. शेजारी बसा. अर्ध्या मिनिटाच्या कामाला पाऊण तास लागेल, तो लागू द्या. चुकीचे बटण दाबले गेले तर दाबू द्या आणि परत कसे यायचे ते सांगा. वाट चुकल्यावर परत येता येते, हे कळले की अर्धे भय जाते. आणि जमलेच तर त्यांना सुविचाराऐवजी स्वतःच्या दोन ओळी लिहायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आज काढू नका. त्या पुढच्या रविवारी पाहता येतील.

आमच्या मावशींनी पुण्याच्या मुलाला पाठवलेला पहिला संदेश असा होता : ‘ग्यास संपला होता. नंबर मीच लावला. तू जेवलास का’ प्रश्नचिन्ह सापडले नाही, म्हणून ते राहिले. मुलाने उलट फोन केला आणि विचारले, ‘आई, हे कुणी लिहून दिलं?’ मावशींनी आम्हाला हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होते, ते मनिऑर्डरच्या खिडकीपलीकडे मला कधी दिसले नव्हते.

काकांचे पैसे अजून आलेले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. पण गेल्या महिन्यात त्यांनी तक्रारीला जोडायचा खुलासा स्वतः लिहिला. तीन रविवार लागले. तारीख, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, कोण काय म्हणाले, सगळे क्रमाने. पहिले वाक्य त्यांनी चार वेळा खोडले. शेवटी लिहिले : ‘माझी फसवणूक कशी झाली, ते मी खाली सांगत आहे.’ मी शेजारच्या खुर्चीत, हात पाठीमागे बांधून बसलो होतो.